मदत हवी आहे: लेकीच्या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

लेक 11 वर्षांची आहे. 8 महिन्यांची असताना दत्तक घेतली, तिला सगळं माहीत आहे. परवा वाढदिवसाला केक कापून झाल्यावर म्हणाली, "आई, आज तिला माझी आठवण आली असेल का गं?" मी "हो" म्हटलं आणि भांडी घासायला पळाले. (खरं सांगू? आधी हेवा वाटला, मग स्वतःचीच लाज.)

मूल सोपवल्यावर जन्मदात्रीला फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. ते तिने कसे काढले असतील, हेच डोक्यात घोळतंय.

'कारा'च्या (दत्तक प्रक्रिया पाहणारी केंद्र सरकारची संस्था) नियमांप्रमाणे मुळांचा, म्हणजे जन्मदात्या कुटुंबाचा शोध घ्यायचा तर लेक 18 वर्षांची होईपर्यंत आम्हालाही तिच्यासोबत अर्ज करावा लागतो. पण एवढ्यात करावा का? कुणी केलाय? दत्तक मुलांसोबत काम केलेले समुपदेशक पुण्यात कुणाला माहीत आहेत का?