कालाफिनाचा 'सेव्हन्थ हेवन': सात सिनेमांची गाणी की एक सलग अल्बम?

सांजवात
कालाफिना या जपानी गायिकांच्या गटाचा पहिला अल्बम 'सेव्हन्थ हेवन' ४ मार्च २००९ रोजी आला. परवा एका ओळखीच्याने सहज म्हटलं, "तो कसला अल्बम? सिनेमा संपल्यावर पाट्या सरकताना वाजणारी गाणी गोळा केलीत झालं." मला ते लागलं. गेली बारा वर्षं मी हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं एकही गाणं न वगळता ऐकत आलेय. त्यामुळे माझी बाजू नीट मांडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'कारा नो क्योकाई' ही सात अॅनिमे (जपानी अॅनिमेशन) चित्रपटांची मालिका. पहिला डिसेंबर २००७ मध्ये आला, सातवा ऑगस्ट २००९ मध्ये. संगीत युकी काजिउरा यांचं. प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी एक गाणं हवं होतं आणि त्यासाठीच हा गट उभा राहिला. अल्बममध्ये चौदा तुकडे आहेत. त्यांतली सात गाणी त्या सात चित्रपटांची, बाकीचे सात स्वतंत्र. म्हणजे 'गोळा केलेली गाणी' हा आरोप निम्म्या अल्बमला लागूच होत नाही.

उरलेल्या निम्म्याचं बघू. चित्रपटांच्या क्रमांकाने मांडलं तर अल्बममध्ये ही गाणी १, ६, ४, ३, ५, २, ७ अशी येतात. चित्रपट लागले त्या क्रमाने नाहीत. कथेतला काळ उलटसुलट आहे, तो सरळ केला तर २, ४, ३, १, ५, ६, ७ होतो. तोही हा क्रम नाही. कुणीतरी बसून, कान लावून, कशानंतर काय यावं हे नव्याने ठरवलंय. दुसऱ्या चित्रपटाचं शांत गाणं ('तू उजेडात बदलून टाकतोस' असं काहीसं त्याचं नाव) शेवटून दुसरं ठेवलंय. त्याआधी 'स्प्रिंटर' या गाण्याने दम काढलेला असतो, म्हणून ते तिथे टेकतं. पहिल्या पाचात ठेवलं असतं तर नुसतंच गोड वाटलं असतं.

आणि सातव्या चित्रपटाचं गाणं अल्बमवर आलं मार्चमध्ये, चित्रपट आला ऑगस्टमध्ये. पाच महिने लोकांनी ते कुठल्याही चित्राशिवाय ऐकलं.

तुम्हाला काय वाटतं?

निमित्तमात्र
क्रमाचा मुद्दा मला पटला नाही. पहिलं खरं गाणं 'ऑब्लिव्हियस' का? कारण गटाचं पहिलं सिंगल तेच, जानेवारी २००८ चं. लोकांना तेच माहीत होतं. शेवटचं 'सेव्हन्थ हेवन' का? कारण अल्बमचं नाव तेच. मधली गाणी जलद-संथ-जलद अशी पसरली की झालं. कुठलीही रेकॉर्ड कंपनी हेच करते. तुम्ही त्यात नियोजन शोधताय, मला त्यात रीत दिसते.

दुसरं, 'किझुआतो' घ्या. शब्दाचा अर्थ जखमेची खूण. तिसरा चित्रपट वेदनाच न जाणवणाऱ्या मुलीचा आहे. तो पाहून झाल्यावर हे नाव आणि हे गाणं अंगावर येतं. चित्रपट न पाहणाऱ्याला काय मिळतं? एक बऱ्यापैकी चालीचं गाणं. त्या गाण्याची अर्धी ताकद चित्रपटात ठेवलेली आहे. मी तीनदा प्रामाणिकपणे ऐकलाय हा अल्बम. दर वेळी वाटलं, मला कुणीतरी पत्राचं नुसतं पाकीट दिलंय.

सांजवात
@निमित्तमात्र, 'किझुआतो' मी चित्रपट पाहायच्या चार वर्षं आधी ऐकलंय. तेव्हा शब्दांतलं काही कळत नव्हतं, तरी त्यात काहीतरी दुखून बसलंय हे कळलं होतं. चित्रपट पाहिल्यावर गाणं मोठं झालं, हे मान्य. त्याआधी ते रिकामं होतं, हे अमान्य.

काळा गुलाब
मला वेगळाच आक्षेप आहे. या संगीताला सगळे 'गॉथिक' (काळोखी, जुन्या चर्चच्या वळणाचं) म्हणतात, तो शब्द इथे फार स्वस्तात वापरला जातो. जपानमध्ये गॉथिक ऐकायचं तर मालिस मिझेर हा बँड ऐका. २००० सालच्या 'बारा नो सेइदो' या त्यांच्या अल्बमच्या नावाचाच अर्थ गुलाबांचं चर्च. ऑर्गन, समूहगान, अंधार, आणि त्या अंधारात पूर्ण उतरायची तयारी. त्यांचा गिटारवादक माना, त्याने १९९९ मध्ये गॉथिक लोलिता (काळ्या, झालरींच्या, बाहुलीसारख्या) कपड्यांची स्वतःची कंपनी काढली. त्या माणसाचं जगणंच त्या सौंदर्यदृष्टीत होतं.

कालाफिनात काय आहे? सुंदर आवाज, व्हायोलिन, खाली पॉपचा ठोका, मधूनमधून रॉक गिटार. काळोख दिसायला लागला की कोरस येतो आणि खिडकी उघडतो. वाईट नाही. पण गॉथिकमध्ये ती खिडकी उघडत नसते.

सांजवात
माझ्या मते तुम्ही नकळत या अल्बमचं सगळ्यात चांगलं वर्णन केलंत. काळोख आहे आणि खिडकी उघडते. मला हेच हवंय. मालिस मिझेर मला आवडतो, पण तो ऐकताना मी पाहुणी असते. या अल्बममधलं 'आरिया' ऐकताना मी घरात असते.

तीव्र मध्यम
अॅनिमे मी पाहत नाही, पण हा अल्बम दोन कारणांसाठी जवळ ठेवलाय.

एक, काजिउरांची बनवलेली भाषा. त्यांच्या कित्येक गाण्यांत समूहस्वर असे काही शब्द म्हणतात जे कुठल्याच भाषेत नाहीत. ऐकायला लॅटिन किंवा इटालियनच्या जवळचे, अर्थ काही नाही. चाहते त्याला 'काजिउरागो' म्हणतात, म्हणजे काजिउरांची भाषा. पाश्चात्त्य श्रोत्यांना त्याचं फार नवल वाटतं. आपल्याला वाटायचं कारण नाही. तराणा ऐकणारी माणसं आपण. 'दिर दिर तोम तन देरेना' ऐकताना अर्थ कुठेय असं कुणी विचारत नाही. (उस्ताद अमीर खाँ तराण्यातल्या बोलांना फारसी अर्थ आहे असं मानायचे, ते वेगळं.) शब्दातून अर्थ काढून घेतला की आवाजाला सुटं व्हायला जागा मिळते. तराण्यात ती जागा लयीने भरते, इथे एकावर एक रचलेल्या स्वरांनी.

दोन, तो स्वरांचा थरच. गटातल्या तिघींपैकी केइकोचा आवाज खालचा, वाकानाचा वरचा, हिकारूचा मधला. आपला कान एका सुराचा माग काढायला सरावलेला असतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फक्त वरचा आवाज ऐकत होतो, बाकीचं मला साथ वाटत होतं. मग एका रात्री ठरवून केइकोची ओळ गुणगुणायला घेतली. चार मात्रा जेमतेम टिकलो आणि गळा आपोआप वरच्या ओळीवर घसरला. पुन्हा घेतली, पुन्हा घसरला. पेटीवर खालचा स्वर धरून ठेवला तेव्हा कुठे आठ मात्रा जमल्या. त्या आठ मात्रांत वरची चाल मला पूर्ण वेगळी ऐकू आली, जणू ती माझ्या स्वरावर उभी आहे. वीस वर्षं ख्याल शिकतोय, पण दुसऱ्याच्या चालीखालची जमीन होण्याचा अनुभव मला या पॉप अल्बमने दिला.

निमित्तमात्र
@तीव्र मध्यम, तराण्याची तुलना आवडली, तरी एक फरक सांगतो. तराण्याचे बोल गायकाच्या हातात असतात, तो बढत (विस्तार) करतो. काजिउरागो आधी लिहिलेली असते आणि गायिका ती जशीच्या तशी गातात. इथे सगळंच काजिउरांचं: चाल त्यांची, शब्द त्यांचे, वाद्यरचना त्यांची. मग 'गायिकांचा गट' कशाला म्हणायचं? ही एका संगीतकाराची तीन वाद्यं आहेत.

ऋतुगंध
यावर थोडं बोलू द्या, मी हा गट जवळून पाहत आलेय.

काजिउरांचं बालपण काही वर्षं पश्चिम जर्मनीत गेलं, वडिलांना ऑपेराचा नाद. त्यांच्या संगीतातलं युरोप कुठून आलं ते यावरून कळतं, ती उसनी हौस नाही. रचना सगळी त्यांची हेही खरं. पण 'वाद्यं' हा शब्द मला खटकतो. २०१५ मध्ये या तिघींनी टोकियोतल्या निप्पोन बुदोकान या मोठ्या सभागृहात लागोपाठ दोन रात्री कार्यक्रम केले, एक 'लाल दिवस', एक 'निळा दिवस'. 'ओंगाकु' हे गाणं रेकॉर्डवर ऐका आणि मग रंगमंचावरचं ऐका. शब्द तेच, पण तिथे त्या एकमेकींकडे बघून श्वास घेतात. वाद्यं एकमेकांकडे बघत नाहीत.

२०१८ मध्ये काजिउरा त्यांच्या व्यवस्थापन संस्थेतून बाहेर पडल्या आणि मार्च २०१९ मध्ये गट अधिकृतपणे संपला. जानेवारी २०२५ मध्ये तिघी टोकियोत पुन्हा एकत्र गायल्या, त्या वेळी काजिउरा सोबत नव्हत्या. मला स्वतःला काजिउरांविना कालाफिना अपुरी वाटते. तरी तिघींना ऐकायला लोक आले, ते या आवाजांसाठीच.

आता मूळ विषय. माझ्या मते वाद चुकीच्या अल्बमवर चाललाय. 'सेव्हन्थ हेवन'मध्ये गट अजून ठरलेलाच नव्हता. पहिली गाणी वाकाना आणि केइको या दोघींची. हिकारू आणि माया २००८ मध्ये चाचणीतून आल्या, माया लवकरच बाहेर पडली. एकाच अल्बममध्ये गटाची रचना बदलत राहते आणि ते ऐकू येतं. त्यांचा मार्च २०१० चा अल्बम 'रेड मून' घ्या. तिघी पक्क्या, 'लाक्रिमोसा' तिथे, 'क्यिरी' तिथे. 'स्तोरिया' तर एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या इतिहासविषयक कार्यक्रमाचं गाणं झालं, म्हणजे अॅनिमेच्या टेकूचा प्रश्नही मिटला. सलग अल्बम म्हणून तोच वरचढ.

पापडी वसई
मी चर्चच्या गायनवृंदात आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, गाते. तीव्र मध्यम यांनी लिहिलेलं गळा घसरणं आमच्याकडे दर नव्या मुलीचं होतं. तिला आम्ही सोप्रानोकडे, म्हणजे वरच्या आवाजाच्या बायकांकडे, पाठ करून उभी करतो. महिनाभराने वळवतो.

पण ऋतुगंध यांनी ज्या गाण्यांची नावं घेतली, तिथेच माझं अडतं. 'क्यिरी' म्हणजे हे प्रभू. मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) सुरुवातीला आपण दयेची याचना करतो, तो शब्द. 'लाक्रिमोसा' हा मृतांसाठीच्या मिस्सातल्या जुन्या लॅटिन गीताचा भाग, अश्रूंचा दिवस. माझ्या आजोबांच्या अंत्यविधीला मी गायले तेव्हा पहिल्या ओळीलाच आवाज गेला होता. तोच शब्द एका अॅनिमे मालिकेच्या शेवटी, सैतानाशी करार केलेल्या मुलाच्या गोष्टीत ऐकला तेव्हा मी गाणं बंद केलं. चाल सुंदर होती, म्हणूनच जास्त त्रास झाला. गॉथिक म्हणून आमच्या प्रार्थनेची नक्षी काढून भिंतीवर लावलीय असं वाटलं.

'सेव्हन्थ हेवन'बद्दल मात्र माझी तक्रार नाही. तिथे समूहस्वरांतले शब्द बनवलेले आहेत, कुणाच्या प्रार्थनेतून उचललेले नाहीत. तिथले ते अर्थ नसलेले शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतात.

काळा गुलाब
@पापडी वसई, तुमच्या भावनेचा मान राखून असहमत. मोझार्टचा 'लाक्रिमोसा' आज बहुतेक वेळा सभागृहात तिकीट काढून ऐकला जातो, देवळात नाही. आपल्याकडे अभंग गिटारवर गातात आणि ऐकणारे रडतात. प्रार्थनेचा शब्द बाहेर पडला की तो प्रत्येक वेळी नक्षी होत नाही. आणि ती गोष्टच अशा मुलाची आहे की ज्याला दया मागता येत नाही. तिथे अश्रूंचा शब्द यावा हे मला अगदी योग्य वाटतं.

पापडी वसई
गोष्टीत तो शब्द शोभतो, हे मान्य. माझं दुखणं त्याने कमी होत नाही. अभंग गाणारा माणूस बहुतेकदा विठ्ठलाला ओळखत असतो, एवढाच फरक मला दिसतो. थांबते इथे, कारण तुम्ही नीट वाचून उत्तर दिलंत.

सांजवात
सगळ्यांचं वाचून आज पुन्हा पूर्ण ऐकला.

ऋतुगंध, बरोबर आहे तुमचं, आवाजांचा बदल ऐकू येतो. 'ऑब्लिव्हियस' आणि 'फेअरीटेल' लागोपाठ लावले तर दोन गट वाटावेत इतका. मी इतकी वर्षं त्याला रंगांचा फरक समजत होते. पण 'रेड मून' मी सलग ऐकू शकत नाही. प्रत्येक गाणं उभं राहून गायल्यासारखं आहे, बसायला जागा नाही. 'सेव्हन्थ हेवन'मध्ये 'माता काझे गा'चा जोर सरला की 'किझुआतो' येतं, आणि पुढे 'ओंगाकु'च्या दणक्यानंतर 'आशिता नो केशिकि'. हा चढउतार सिनेमांतून आलेला नाही. या दोन्ही जोड्यांत एक गाणं तरी चित्रपटाबाहेरचं आहे, ती बाहेरची गाणी काढून बघा. उरलेली सात खरंच पाट्यांची गाणी वाटतील. निमित्तमात्र, हा माझा पुरावा. क्रमावरचा तुमचा मुद्दा निम्मा मान्य, सुरुवात आणि शेवट धंद्याने ठरले असतील. मधले अकरा तसे ठरलेत असं मला वाटत नाही.

निमित्तमात्र
चित्रपटांची सात काढून उरलेली सात ऐकली. तुमच्या सांगण्याच्या बरोबर उलट केलं. सुरुवातीच्या 'ओव्हर्चर'पासून 'आशिता नो केशिकि'पर्यंत, चित्रपटाचं काहीच मध्ये नाही. मला हा छोटा अल्बम जास्त आवडला, कारण इथे मला कुठलंच पाकीट मिळत नाही, सरळ पत्र मिळतं. त्यामुळे माझं मत तेच आहे: दोन अल्बम एकात शिवलेत. शिवण चांगली आहे एवढं आज कबूल करतो.

ऋतुगंध
'नात्सु नो रिंगो'बद्दल कुणीच बोललं नाही. उन्हाळ्यातलं सफरचंद. चौदातलं चौथं, सिनेमाचं नाही, फार काळोखही नाही. मी 'रेड मून'च्या बाजूची असूनही सांगते, तसं हलकं गाणं 'रेड मून'वर एकही नाही. @पापडी वसई, तुम्ही ते आल्टोची ओळ धरून ऐका आणि कसं वाटलं ते इथे लिहा.