कीमो चालू असताना माशाच्या तेलाच्या गोळ्या मामंजी घेईनात

तासगावची_सून:
मामंजींना जठराचा कॅन्सर आहे, मिरजेत कीमो चालू आहे. वजन उतरायला लागलं म्हणून आहारतज्ज्ञ मॅडमनी ओमेगा-3 च्या गोळ्या दिल्या. सुरुवातीला ढेकर घाण येतात म्हणून कुरकुर करत घ्यायचे. मग नातवानं डबीवरचं माशाचं चित्र दाखवलं आणि सगळंच बंद! गळ्यात माळ आहे, दर आषाढीला वारी असते. परवा चादर झटकताना उशीच्या अभ्र्यातून गोळ्या घरंगळल्या. नणंद म्हणते, टोचून आमटीत पिळा. काय करू?

जवसवाला_वाळवा:
ताई, जवसाची चटणी द्या की. ओमेगा-3 तेच, माशाचं काम नाही.

मेडिकलवाले_काका_विश्रामबाग:
सूनबाई, आमटीत अजिबात नको. एक तर वास लपत नाही, आणि कळलं तर ते तुमच्या हातचं जेवणच बंद करतील. आधीच तोंडाला चव नसते.

जवस चांगलंच, पण त्यात एएलए नावाचं ओमेगा-3 असतं, माशाच्या तेलात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 असतात. एएलएचं शरीरात ईपीए फारच थोडं बनतं, आणि मॅडमना ईपीए आणि डीएचए हीच हवीत. हे दोन्ही समुद्री शेवाळाच्या तेलातून मिळतं. मासेसुद्धा मुळात तिथूनच मिळवतात. माशाच्या तेलाच्या गोळीचं कवच बहुतेक जिलेटिनचं, म्हणजे तेही जनावराचंच. तेव्हा माळकऱ्याचं म्हणणं दोन्हीकडून बरोबर आहे. शेवाळाची घ्या, पण हिरवा ठिपका बघून. काहींत नुसतं डीएचए असतं, म्हणून डबीची मागची बाजू वाचा. 1000 मिलिग्रॅमच्या साध्या गोळीत ईपीए 180 आणि डीएचए 120 च असतं. वजन टिकवण्यासाठी झालेल्या अभ्यासांत दिवसाला साधारण 2 ग्रॅम ईपीए दिलेलं आहे. तेवढ्यासाठी साध्या किती गोळ्या गिळाव्या लागतील बघा! म्हणून डोस मॅडमनाच ठरवू द्या, जास्त तीव्रतेची मिळते.

ढेकरांचं म्हणाल तर उपाशीपोटी कधीच नको. अर्धी भाकरी पोटात गेली की मध्येच गोळी, वर उरलेली भाकरी. डोस दोन वेळांत विभागा. माझ्या घरी हिचा कीमो चालू होता तेव्हा डबी फ्रीजमध्ये ठेवायचो, थंडगार गिळली की ढेकर कमी यायचे. गोळी फोडून वास घ्या. खवट आला तर फेकून द्या, तेल खराब झालंय.

आता महत्त्वाचं. कीमोच्या दिवसांचं कॅन्सरच्या डॉक्टरांना विचाराच. 2015 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांना माशाच्या तेलातल्या एका मेदाम्लामुळे कीमोचा परिणाम कमी होईल अशी शंका आली होती. म्हणून तिकडे आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत तेल न घ्यायला सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर तेही सांगा. आणि घरच्यांनी हट्ट नको. जमलं तर जमलं, अंगावर मांस टिकवायला दूध, डाळ, पनीर पोटात जाणं जास्त गरजेचं.

तासगावची_सून:
काका, शेवाळाच्या आणल्या. डॉक्टरांनी कीमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवायला सांगितलंय, कॅलेंडरवर पेनानं फुल्या मारल्यात. मामंजींनी चष्मा लावून हिरवा ठिपका स्वतः बघितला, मगच घेतली. आता एकादशीला चालते का, ते फडावरच्या महाराजांना विचारणार आहेत.