मदत हवी आहे: तळ्यातल्या रोहूला पिल्लं का होत नाहीत?

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला, ओवळ्यात सासऱ्यांचं चारेक गुंठ्यांचं खोदीव तळं आहे. २०२१च्या पावसात त्यात रोहूची दोनशे बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडली. उरलेले मासे आता दोन-तीन किलोचे आहेत. मागच्या जूनमध्ये एक मादी कापली तर पोटात गाबोळीच गाबोळी! वाटलं, दिवाळीपर्यंत तळं पिल्लांनी भरेल. कसलं काय. चार वर्षांत रोहूचं एक पिल्लू दिसलं नाही. सासरे म्हणतात मोठेच मासे लहानांना खातात. त्यांच्या लहानपणी पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढायचे, मग यांना काय धाड भरली, हा त्यांचा प्रश्न. पंप लावून पाणी फिरवलं तर उपयोग होईल का? पाऊस तोंडावर आलाय.

खाडीकाठचा: सासऱ्यांना सांगा, रोहूचा दोष नाही. वलगणीचे मासे इथलेच, रोहू मूळचा गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधूच्या खोऱ्यांतला. पावसाळ्यात नदीला पूर आला की तो काठच्या उथळ, नव्या पाण्यात शिरून अंडी सोडतो. साचलेल्या पाण्यात अंडी पिकतात, पण सोडायचा इशाराच मिळत नाही. मग शरीर ती हळूहळू जिरवून टाकतं. तुम्ही पाहिलेली गाबोळी तीच. कटला आणि मृगळचंही असंच.

म्हणून पूर्वी बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, नद्यांतूनच धरून आणत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या (रोहूच्या कुळातल्या) माशांकडून अंडी घालून घेतली. आज बीज केंद्रात इंजेक्शन देऊनच काम चालतं. कोमट पाण्यात साधारण १५-१८ तासांत अंड्यांतून जिरे, म्हणजे इवली पिल्लं, बाहेर पडतात. पंपाने हवा खेळेल, पुराचं काम होणार नाही. बंगालमध्ये उतारावरचं पावसाचं पाणी धो धो येऊन भरणारे बांध असतात, तिथे मात्र हे मासे अंडी घालतात. येऊरच्या डोंगराचं पाणी थेट तुमच्या तळ्यात उतरतं का?

ओवळेकर (धागाकर्ता): नाही, मध्ये रस्ता आणि इमारती. पण थांबा, लहान मासे आहेत की! काठाला बोटभर लांबीचे, झुंडीने फिरतात. रोहूसारखे वाटले नाहीत म्हणून मोजले नाहीत.

खाडीकाठचा: एक धरून पाठीवरचा पर बोटाने मागून पुढे चोळा. टोचला तर चिलापी (तिलापिया). रोहूच्या पराला तसे काटे नसतात, शिवाय त्याचं तोंड खालच्या बाजूला आणि ओठ झालरीसारखे. चिलापीला पूरबीर लागत नाही, मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे साचलेल्या तळ्यात तिची चंगळ. बहुधा बोटुकलीबरोबरच आली असेल. रोहूचं खाणं तीही खाते आणि जिऱ्यांवरही ताव मारते. तेव्हा इंजेक्शनच्या भानगडीत पडू नका. पाणी सर्वांत खाली असताना जमेल तेवढी चिलापी काढा आणि दर पावसाळ्यात मोठी, चार बोटांएवढी बोटुकली विकत घेऊन सोडा. जिरे सोडाल तर चिलापीला मेजवानी.

ओवळेकर: टोचला! सासरे आत्ता पाग (फेकायचं जाळं) शोधतायत. पंपाचे पैसे वाचले, म्हणजे बोटुकली कटलाचीही घेऊ का? तो वरच्या थरात खातो असं ऐकलंय.

खाडीकाठचा: घ्या. कटला वर, रोहू मध्ये, मृगळ तळाशी. पण चार गुंठ्यांत गर्दी नको. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर आधी खाणं बंद करा, पंप तेव्हा कामाला येईल.