अब्राहाम-इसहाकची गोष्ट सांगितली आणि पोरगं रात्रभर झोपलं नाही, संडेस्कूलवाल्यांनी जरा मदत करा

पिंपरीची_टीचर

सर्वांना सलाम. मी आमच्या चर्चमध्ये चार वर्षं झाली संडेस्कूल घेतीये, सहा ते नऊ वयाची चौदा पोरं, मोठ्यांची भक्ती चालू असते तेव्हा मागच्या हॉलमध्ये पाऊण तास. मागच्या महिन्यात धडा आला उत्पत्ती २२, म्हणजे देव अब्राहामाची परीक्षा घ्यायला त्याचा मुलगा इसहाक बळी म्हणून मागतो आणि सुरी उचलल्यावर थांबवतो, ती गोष्ट. मी जरा उत्साही बाई आहे, त्यामुळे थर्माकोलची वेदी केली, खऱ्या काड्यांची मोळी बांधली आणि पुठ्ठ्याला चंदेरी कागद लावून सुरी केली. पोरं एकदम चिडीचूप, मला वाटलं आज काय मस्त झालाय धडा. शेवटी झुडपात अडकलेला एडका दाखवला, "तात्पर्य, देवाची आज्ञा पाळावी" म्हटलं, प्रार्थना केली, बिस्किटं वाटली, घरी.

रात्री अकराला एका आईचा फोन. त्यांचा सात वर्षांचा मुलगा बापाजवळ झोपायला तयार नाही. झालं असं की त्याने जेवताना विचारलं, "पप्पा, तुम्हाला देवाचा आवाज येतो का?" आणि पप्पा बिचारे चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे एल्डर, पहाटे उठून प्रार्थना करणारे, ते मोठ्या आनंदाने म्हणाले, "येतो ना बाळा, रोज येतो." झालं! पोरगं उशी घेऊन आजीच्या खोलीत. अजून तिकडेच झोपतंय.

मला तेव्हापासून वर्गात उभं राहायची भीती वाटायला लागलीये. अशा गोष्टी लहानांना सांगायच्याच नाहीत का? मग नोहाच्या तारवात जे नाही बसले आणि बुडाले त्यांचं काय, मिसरात मारल्या गेलेल्या ज्येष्ठ मुलांचं काय, सगळंच गाळावं लागेल, आणि उरणार काय, प्राण्यांची चित्रं?

दुसरी गोष्ट, तात्पर्य. परवा एक मुलगी म्हणाली, "टीचर तुम्ही तात्पर्य आधीच सांगत जा ना, मग गोष्ट नाही ऐकली तरी चालेल." सगळे हसले, मी पण हसले, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. कारण ती खरं बोलली. तात्पर्य नाही सांगितलं तर पालक विचारतात आज काय शिकवलं, मग मी काय सांगू?

नगरकर_गुरुजी

सलाम बाई. मी झेडपीच्या शाळेतून रिटायर झालो, संडेस्कूल मात्र सुटलं नाही, ५० वर्षं होतील.

रागावू नका पण तुम्ही गोष्ट अब्राहामाची नाही सांगितली, सुरीची सांगितली. पोरं आपल्या तोंडाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघतात, हातात जे चमकतं तीच त्यांची गोष्ट. मी ह्या गोष्टीत काहीच दाखवत नाही, फक्त चालतो. तीन दिवसांची वाट आहे ती. लाकडं पोराच्याच पाठीवर. मी वर्गात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हळू हळू चालतो, मध्येच थांबतो, आणि इसहाकचा प्रश्न विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठंय? तिथे अब्राहामाला उत्तर देताना किती जड गेलं असेल ते आवाजात आलं पाहिजे. बाप रडवेला आहे हे पोराला कळलं की त्याला बापाची भीती वाटत नाही, बापाची कीव येते. हे मी दहा वर्षांच्या पुढच्यांना सांगतो हेही सांगून ठेवतो. सहा-सातच्या पोरांना अजिबात नाही.

आणि पुस्तक हातात धरून वाचू नका, सांगा. आमच्या नगरला ही परंपराच आहे, कवी ना. वा. टिळक इथेच राहिले, अभंग आणि कीर्तन त्यांनी चर्चमध्ये रुजवलं, त्यांच्या आधीपासून अमेरिकन मराठी मिशनची माणसं गावोगाव ख्रिस्ती कीर्तन करत होती. माझे आजोबा सांगायचे, कीर्तनकार झांजा वाजवत उधळ्या पुत्राची गोष्ट लावायचा आणि तो डुकरांपुढच्या शेंगा खायला निघतो तिथे बायका पदर डोळ्याला लावायच्या, त्यात ख्रिस्ती नसलेल्या पण असायच्या. तिथे कुणी शेवटी तात्पर्य विचारत नव्हतं.

अजून एक जाता जाता. जक्कयची, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या बुटक्या जकातदाराची गोष्ट पुस्तकात बघा, कसलं तरी गोल गोल परदेशी झाड काढलेलं असतं. आपल्या बायबलात स्वच्छ लिहिलंय उंबर. तिकडचं झाड आपल्या उंबराचं सख्खं चुलतभावंडच आहे, त्यालाही खोडालाच फळं लागतात. आमच्या चर्चच्या कंपाउंडमध्ये उंबर आहे, मी पोरांना त्याच्याखाली नेतो आणि एका बुटक्या पोराला खालच्या फांदीवर बसवतो. वरून त्याला सगळ्यांच्या टाळू दिसतात. मग मी खाली उभा राहून त्याचं नाव घेऊन हाक मारतो, "लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय." एकदा एक पोरगं वरूनच म्हणालं, "पण गुरुजी आमच्याकडे आज पाणी नाहीये." आता ह्याच्यापुढे मी काय तात्पर्य सांगू?

सडेतोड

मला हे पटत नाही, स्पष्ट लिहितो. बायबल मऊ करायची फॅशन आलीये. बायबलात अनुवाद ६ मध्ये लिहिलंय मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. बिंबव म्हणजे बिंबव, "तुला काय वाटतं बाळा" नाही. आज आमच्या तरुण संघातल्या पोरांना विचारा मोशे आधी की दावीद, निम्मे चुकतात, कारण गोष्टी सगळ्या सुट्या सुट्या ऐकल्यात, दर मे महिन्यात व्हीबीएसला, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेला, एक थीम, एक डान्स, एक टोपी. धागा कुणी दिलाच नाही.

तात्पर्य का नको? पेरणाऱ्याचा दाखला प्रभूने स्वतः समजावून सांगितला. आणि त्या मुलाबद्दल, टीचरताई, तुमची चूक गोष्ट सांगण्यात नाही, अर्धी सांगण्यात आहे. त्या काळी आजूबाजूचे लोक मोलख नावाच्या देवाला मुलं अर्पण करायचे, नियमशास्त्रात त्याला सक्त बंदी आहे, लेवीय १८. म्हणजे ह्या गोष्टीतला देव कोण, तर जो हात धरतो तो. हे सांगितलं असतं तर पोरगं झोपलं असतं.

वसईवाली

सडेतोड, धाग्याचं म्हणणं एकदम बरोबर, पण सात वर्षांच्या पोराला मोलख समजावून सांगितला असतात तर आजी पण झोपली नसती 😄

मी कॅथलिक, आमच्याकडे दर रविवारी मिसा (प्रार्थनाविधी) झाली की कॅटेकिझम, म्हणजे मुलांचं धर्मशिक्षण. आधी आम्ही पण प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचो. मग एका सिस्टरने आम्हाला सोफिया काव्हालेत्तीच्या पद्धतीचं ट्रेनिंग दिलं. ही रोमची बाई, बायबलची अभ्यासक, तिने १९५४ साली जियाना गोब्बी नावाच्या माँटेसरी टीचरबरोबर सुरू केलं. त्यात छोट्यांना, म्हणजे तीन ते सहा, मुख्य काय देतात तर येशूचा उत्तम मेंढपाळाचा दाखला. लाकडी मेंढ्या, मेंढवाडा, मेंढपाळ. टीचर हळू सांगते, मेंढ्या हाताने हलवते, आणि गप्प बसते. मेंढ्या म्हणजे कोण हे सांगायचं नाही. हे सगळ्यात अवघड, जीभ चावून बसावं लागतं. पोरं आठवड्यांनी, कधी महिन्यांनी आपलं आपण म्हणतात, "ती मेंढी मी आहे." तुम्ही आधीच सांगितलंत तर त्यांच्याकडे शोधायला राहिलं काय? आणि क्रम असा लावलाय की आधी सांभाळणारा देव पक्का होऊ द्या, मग परीक्षा घेणारा. तुमच्या पोराला उलटा क्रम मिळाला, बस.

आता गंमत सांगते. ह्या पद्धतींमध्ये इंग्रजीत जे प्रश्न विचारतात त्याचं आम्ही मराठी केलं, "मला आश्चर्य वाटते की मेंढीला काय वाटले." पोरं माझ्याकडेच आश्चर्याने बघायला लागली. मग माझ्या सासूबाईंनी सोडवलं. त्या पोरांना सहज म्हणाल्या, "रात्र झाली असेल, पाय काट्यात अडकला असेल, कुणाला हाक मारली असेल गं तिने?" झालं की काम! आपल्या भाषेत ते "असेल" आहेच. "असेल" म्हटलं की बरोबर-चूक उरत नाही आणि पोरं बोलायला लागतात. करून बघा.

आणि सांगण्याच्या परंपरेचं म्हणाल तर गोवा विसरू नका. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले, इंग्रज माणूस, आणि १६१६ मध्ये राचोलला त्यांचं क्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ ११,००० ओव्या, आपल्या मराठीत. का लिहिलं, तर नवख्रिस्ती लोक म्हणाले जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, आता आम्हाला ऐकायला दुसरं काहीतरी द्या. म्हणजे प्रश्नोत्तरं शिकवून झाली होती, तरी लोकांना गोष्ट हवी होती.

मोगरा

मी ख्रिश्चन नाही, वारकरी घरातली आहे, पण शीर्षक वाचून राहवलं नाही, सॉरी आत घुसले.

आमच्याकडे श्रावणात शिवलीलामृत, आणि त्यात श्रियाळ-चांगुणा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शंकर अतिथी बनून येतो आणि जेवायला त्यांचा मुलगाच मागतो, चिलया बाळ. आणि आई स्वतः... पुढचं लिहवत नाही, त्याचं डोकं उखळात कांडते आणि वर गाणं म्हणायचं अशी अट. शेवटी बाळ परत मिळतो. मी सहा वर्षांची असताना ऐकलं. मी काही महिने आईला कांडताना बघू शकत नव्हते, मिरच्या कुटायला घेतल्या की मी अंगणात.

पण आज विचार करते तर ती गोष्ट मला छळत नाही, उलट आजीची सगळ्यात जवळची आठवण तीच आहे. कारण आजी सांगताना रडायची. दर वर्षी. तिचं स्वतःचं एक मूल गेलेलं होतं हे मला फार नंतर कळलं. ती कधी म्हणाली नाही की बघा कशी भक्ती होती, ती फक्त म्हणायची "कसं केलं असेल गं तिनं." (वसईवालीचं ते "असेल" वाचून म्हणूनच अंगावर काटा आला.)

तर माझं म्हणणं, टीचरनी नाही, त्या मुलाच्या वडिलांनीच बोलायला हवं त्याच्याशी. भीती टीचरची नाहीये त्याला.

सडेतोड

मोगराताई, दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही, एकीत मागणं पुरं झालं, दुसरीत हात धरला. पण शेवटचं वाक्य मान्य. वडिलांनी बोलावं.

वसईवाली, गप्प बसण्याला माझा विरोध नाही. गप्प बसून टीचर घरी जातो आणि पोरगं काहीही समजून बसतं त्याला आहे.

वसईवाली

म्हणून तर परत परत तीच गोष्ट येते. एका रविवारी निकाल लावायचा नसतो. आणि तुम्ही पेरणाऱ्याचं म्हणालात, तो समजावला हो, पण शिष्यांना, आणि तेही त्यांनी विचारल्यावर. बायबलातलं योनाचं पुस्तक उघडून शेवट बघा. देव योनाला प्रश्न विचारतो, ह्या निनवे शहराची मी कीव करू नये का, एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं. संपलं पुस्तक. योनाने काय उत्तर दिलं ते नाहीच. आमची पोरं त्या गुरांवरच अर्धा तास बोलली, योनाला गिळणारा मासा राहिला बाजूला.

पिंपरीची_टीचर

उशीर झाला, दोन रविवार मध्ये गेले. सगळ्यांचे किती आभार मानू.

पहिलं म्हणजे मी त्या वडिलांना हा धागा वाचायला दिला. ते आधी जरा फुगले, मग दोन दिवसांनी पोराला गाडीवर पुढे बसवून देहूरोडपर्यंत चक्कर मारून आले आणि वाटेत म्हणाले, "बाळा, मला असा आवाज आला ना, तर मी तुला घेऊन आजीकडे पळून जाईन." आता हे शास्त्रात बसतं की नाही मला माहीत नाही, सडेतोड रागावतील. पोरगा म्हणे बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पण देवाला आजीचं घर माहितीये."

वर्गात मी हरवलेलं मेंढरू घेतलं, शंभरातली नव्याण्णव सोडून एकाला शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट. शंभर कुठून आणू, काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यांना कापूस चिकटवून दहा केली. सध्या आमच्याकडे रिंग रोडच्या बाजूच्या मोकळ्या रानात धनगरांचे कळप बसतात, त्यामुळे पोरांना मेंढपाळ नवा नाही, एकाने तर मेंढ्यांना हाकतात तसा आवाजच काढून दाखवला. मी चंदेरी काहीही आणलं नव्हतं. सांगितलं, मेंढ्या हलवल्या, आणि विचारलं, बाकीच्यांना काय वाटलं असेल? एक म्हणाला, "राग आला असेल, आम्ही नीट राहिलो तर आम्हाला सोडून गेला." एक म्हणाली, "नाही, त्यांना बरं वाटलं असेल, म्हणजे आपण हरवलो तर आपल्याला पण शोधतो." मी जीभ चावून बसले. शप्पथ सांगते, तात्पर्य अगदी ओठांवर आलं होतं.

तो मुलगा पूर्ण वेळ गप्प. सगळे गेल्यावर मेंढ्या पिशवीत भरल्या तर नऊच. बाकाखाली शोधलं, झाडूवाल्या मावशींना विचारलं, नाही. संध्याकाळी त्याच्या आईचा मेसेज, त्याच्या उशीखाली काडेपेटी सापडली, कापूस पार चपटा झालाय, टीचर तुमची आहे का, रविवारी परत पाठवते. झोपतोय अजून आजीकडेच.

परत मागू का राहू दे?

नगरकर_गुरुजी

राहू दे बाई. पप्पांच्या उत्तराचं म्हणाल तर अब्राहामानेही सदोम शहर वाचवायला देवाशी घासाघीस केलीच होती, किती चांगली माणसं सापडली तर शहर सोडशील ते पन्नासावरून दहावर आणलं, त्यामुळे फार काळजी करू नका. आणि पुढच्या वेळी मेंढ्या जास्त करून न्या, अजून जातील.

सडेतोड

रागावलो नाही. आमच्या वर्गासाठी पण करायच्या आहेत, कापूस कशाने चिकटवलात? फेव्हिकॉलने पिवळा पडतो.