ईसीएम (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) गेल्याचे सांगितले आहे. बदलण्यापूर्वी खात्री कशी करावी?

चिपळूणचा_डिझेलवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची डिझेल हॅचबॅक असून ती १ लाख १८ हजार किलोमीटर चालली आहे. जूनमध्ये पावसाने जोर धरल्यावर ती चालता चालता बंद पडू लागली. पहिल्यांदा कुंभार्ली घाटात बंद पडली आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप सुरूही झाली. आता मात्र सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन उचलत नाही. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी लागतच नाही. स्कॅनर (गाडीतील दोष वाचणारे यंत्र) लावला असता एबीएस (ब्रेकची यंत्रणा) आणि डॅशबोर्डवरील मीटर या दोन्हींशी संपर्क होतो, इंजिनशी होत नाही. एबीएसमध्ये यू०१०० हा कोड साठलेला आहे.

येथील एका वर्कशॉपने तासाभरात ईसीएम गेल्याचे सांगितले. नव्या युनिटचे ५२ हजार रुपये, प्रोग्रॅमिंगचे वेगळे, आणि एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल भाग परत घेतला जाणार नाही. वडिलांना उपचारांसाठी दर आठवड्याला कराडला न्यावे लागते, त्यामुळे गाडी घाटात पुन्हा बंद पडणे मला चालणार नाही. पैसे खर्च करण्याची तयारी आहे, परंतु दोष खरोखर ईसीएमचाच आहे हे कोणत्या तपासणीने सिद्ध होईल, ते जाणकारांनी कृपया सांगावे. मल्टीमीटर माझ्याकडे आहे आणि तो वापरता येतो.

वायरिंग_कोल्हापूर

तुम्ही दिलेल्या माहितीत सर्वांत मोलाची गोष्ट ही की, स्कॅनर एबीएसशी बोलतो आणि इंजिनशी बोलत नाही. म्हणजे स्कॅनर, त्याचे सॉकेट आणि मुख्य कॅन लाइन (ज्या वायरींवरून हे भाग एकमेकांना संदेश देतात ती) बहुतांशी शाबूत आहेत. यू०१०० या कोडचा अर्थ एवढाच की एबीएसला ईसीएमकडून संदेश मिळत नाही. ईसीएम बिघडलेले असले तरी हा कोड येतो आणि त्याला करंट किंवा अर्थ मिळत नसला तरीही येतो. मी बरीच वर्षे ऑटो इलेक्ट्रिकचे काम करतो आणि ‘ईसीएम गेले’ म्हणून माझ्याकडे आलेल्या अनेक गाड्यांत ईसीएम धडधाकट निघाले आहे: कुठे अर्थचा बोल्ट गंजलेला, कुठे उंदराने वायर कुरतडलेली, कुठे मुख्य रिलेचे (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळलेले.

आधी बॅटरी पाहा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.५ व्होल्टच्या आसपास असावी आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढून ईसीएमचे कपलर (वायरिंगचा प्लग) सोडवा, निगेटिव्ह परत जोडा आणि वायरिंगच्या आकृतीवरून करंटच्या व अर्थच्या पिना ओळखा. येथे मल्टीमीटरवर विसंबू नका. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि करंटची पिन व अर्थची पिन यांच्यामध्ये लावा. बल्ब बॅटरीवर लागतो तसाच लख्ख लागला पाहिजे. मिणमिणता लागला, तर तो करंट किंवा तो अर्थ अशक्त आहे. प्रत्येक अर्थ स्वतंत्रपणे तपासा.

या ठिकाणी अनेकांची फसगत होते ती मुख्य रिलेपाशी. बहुतेक गाड्यांत हा रिले ईसीएमच चालू करते. त्यामुळे कपलर काढलेले असताना रिलेकडून येणाऱ्या पिनवर करंट नसणे हा दोष नव्हे. आकृतीत रिलेची कंट्रोल वायर अर्थने चालू होणारी आहे याची खात्री करून ती अर्थला टेकवा, रिले ‘टक्’ वाजू द्या आणि मग बल्ब लावा.

आणखी एक विनंती: कपलरच्या बारीक पिनांत मल्टीमीटरचे जाड टोक दाबून घालू नका. पिन फाकते आणि नंतर तिथेच नवा, सापडण्यास महाकठीण असा दोष तयार होतो. मी त्याच मापाची सुटी पिन वायरीला लावून वापरतो.

करंट आणि अर्थ पक्के निघाले, तर कपलर परत लावून चावी ऑन करा आणि सेन्सरांना जाणारे पाच व्होल्ट मोजा. ते नसतील किंवा फार कमी असतील, तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून सुटे करा. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला असेल, तर तो काढताक्षणी पाच व्होल्ट परत येतात. असा एक सेन्सर सगळ्या ईसीएमला मेल्यासारखे करून टाकू शकतो. सगळे सेन्सर काढूनही व्होल्ट आले नाहीत, तर ईसीएमचे कपलर काढून ती पाच व्होल्टची वायर बॉडीशी शॉर्ट आहे का, हे ओहममध्ये पाहा. शेवटी निगेटिव्ह काढून स्कॅनरच्या सॉकेटमधील ६ आणि १४ या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम यावा. हे सर्व करून येथे आकडे लिहा, मग पुढचे बोलू.

नाशिक_पेट्रोल

वरील उत्तराला माझ्या अनुभवाची जोड देतो. माझ्या गाडीचे ईसीएम खरोखरच जळले होते आणि ते बदललेही. पंधरा दिवसांत नवेही त्याच जागी जळले. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल आतून शॉर्ट होती आणि ती कोणी तपासलीच नव्हती. म्हणून ईसीएम गेले असे ठरले, तरी ‘ते कशाने गेले’ याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसरे बसवू देऊ नका.

चिपळूणचा_डिझेलवाला

वायरिंग_कोल्हापूर यांचे मनापासून आभार. रविवारचा पूर्ण दिवस लागला. बॅटरी १२.६, सेल्फ मारताना १०.४. तिन्ही अर्थ आणि दोन्ही करंट यांवर बल्ब लख्ख लागला, रिलेच्या पिनवरही लागला. कॅन लाइनवर ६१ ओहम. पाच व्होल्टच्या जागी मात्र १.७ व्होल्ट मिळाले. रेल प्रेशर, मॅप, कॅम आणि ॲक्सिलरेटर पेडल असे त्या लाइनवरील सर्व सेन्सर सुटे केले तरी आकडा हलला नाही. ईसीएमचे कपलर काढून मोजले, तर वायर कुठेही शॉर्ट नाही.

कपलर काढताना एक गोष्ट दिसली. कोपऱ्यातील चार-पाच पिनांवर हिरवट पूड जमली होती आणि रबरी सील बोटाने दाबल्यावर पाण्याचा थेंब बाहेर आला. माझ्या गाडीत ईसीएम बॅटरीच्या मागे, काचेखाली आहे. वायपरखालची जाळी उघडली, तेव्हा आत आंब्याच्या कुजलेल्या पानांचा ओंजळभर चिखल निघाला. पाणी जाण्याचे भोक पूर्ण बुजले होते. गाडी आंब्याखालीच उभी असते.

वायरिंग_कोल्हापूर

आता तुमच्या वर्कशॉपचे म्हणणे बरोबर ठरले, मात्र ते आधी अंदाज होते आणि आता सिद्ध झाले आहे. दोष ईसीएमच्या आतच आहे, आणि कारणही तुम्ही शोधलेत. घाटात बंद पडून पुन्हा सुरू होणे याचाही उलगडा होतो: इंजिनच्या उष्णतेने आतील ओल तात्पुरती सुकत असावी. वेळ न घालवता युनिट उतरवा, कारण ओल्या बोर्डाला करंट मिळत राहिला की तांबे खाल्ले जाण्याचा वेग वाढतो.

मॉड्यूल_रिपेअर_पुणे

माझे काम बोर्डदुरुस्तीचे आहे, म्हणून दुरुस्ती करावी की बदलावे याविषयी लिहितो. तुमचे ईसीएम कधीकधी जागे होते, याचा अर्थ त्याचा प्रोसेसर आणि मेमरी बहुधा वाचता येतील, आणि हीच तुमची खरी ठेव आहे. त्या मेमरीत इमोबिलायझरची (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) माहिती आहे, जिच्याशी तुमच्या चाव्या जुळलेल्या आहेत. गाडीचा चॅसी क्रमांक आहे. आणि प्रत्येक इंजेक्टरचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचा) कोड आहे. बाहेरून आणलेले जुने युनिट तसेच जोडले, तर गाडी किल्ली ओळखणार नाही आणि सुरू होणार नाही.

त्यामुळे पहिला प्रयत्न बोर्ड स्वच्छ करून दुरुस्त करण्याचा असावा. पाच व्होल्ट देणारा भाग आणि खाल्लेल्या रेषा अनेकदा दुरुस्त होतात. ते न जमल्यास, लेबलवरील हार्डवेअर क्रमांक अक्षरशः जुळणारे युनिट घेऊन त्यात जुन्याची संपूर्ण माहिती उतरवावी. क्रमांकातील शेवटचे एक अक्षर वेगळे असले तरी घाईने घेऊ नका. अगदी नवे युनिट कोरे येते; त्यात सॉफ्टवेअर भरणे आणि चाव्या जुळवणे हे अधिकृत स्कॅनरवरच करावे लागते आणि त्या वेळी बॅटरीला चार्जरचा आधार हवाच, कारण माहिती लिहिली जात असताना व्होल्टेज पडले तर नवे युनिट निकामी होऊ शकते.

युनिट काढण्यापूर्वी चारही इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेले कोड स्वच्छ पुसून, सिलिंडरच्या क्रमाने, फोटो काढून ठेवा. हे कोड चुकले किंवा त्यांची अदलाबदल झाली, तर इंजिन सुरू होईल, परंतु आयडलला थरथरेल आणि धूर टाकेल, आणि मग लोक चांगले इंजेक्टर खोलत बसतात.

वायरिंगच्या बाजूच्या कपलरमधील हिरव्या पिनाही बदला, नुसत्या स्प्रेने धुऊ नका. वायर थोडी सोलून पाहा. तांबे काळे पडले असेल, तर लख्ख तांबे लागेपर्यंत मागे कापून नवी पिन लावावी लागेल. पाणी वायरीच्या आवरणातूनही तारांमधून झिरपत पुढे जाते.

चिपळूणचा_डिझेलवाला

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. बोर्ड दुरुस्त होऊ शकला नाही. पाच व्होल्टच्या भागाखालचे थर जळालेले होते. मेमरी मात्र पूर्ण वाचता आली. जुळणाऱ्या क्रमांकाचे वापरलेले युनिट, त्यात माहिती उतरवणे, सात नव्या पिना आणि मजुरी मिळून १९ हजार रुपये झाले. पहिल्याच सेल्फला, दोन्ही चाव्यांनी, गाडी सुरू झाली. इंजेक्टरचे कोड स्कॅनरवर उघडून फोटोंशी ताडून पाहिले, चारही जुळले. इंजिनचे पाच व्होल्ट ५.०२ आहेत.

पाण्याचे भोक मोकळे केले आहे आणि ईसीएमकडे जाणाऱ्या वायरिंगला कपलरच्या आधी खाली झोळ दिला आहे, जेणेकरून वरून ओघळलेले पाणी कपलरपर्यंत न जाता झोळातच ठिबकेल. गाडी उभी करण्याची जागा बदलली. भर पावसात कराडच्या तीन फेऱ्या झाल्या. काल परत आल्यावर कपलर उघडून पाहिले, सील कोरडे होते.