मदत हवी आहे: नेरूळमधली आमची बाग नक्की कधीची?

सेक्टरमधल्या छोट्या बागेच्या गेटपाशी माहितीफलक लावायचाय. आज काय आहे ते मोजून झालं: दोन झोपाळे, एक घसरगुंडी, सात बाक, बंद पाणपोई. अडलंय ते सालावर. कोनशिलेवर ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की 'उद्घाटन' एवढंच वाचता येतं. ओल्या काथ्याने घासून पाहिलं, पुढे हिंमत झाली नाही. बाग सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) केली की १९९२मध्ये महापालिका आल्यावर झाली, यावर जुन्या रहिवाशांत दोन तट आहेत. एका कार्यालयातून 'नोंद सापडत नाही' असं तोंडीच उत्तर मिळालं. आता माहिती अधिकारात अर्ज करतोय. भूखंड क्रमांक मात्र ठाऊक नाही. अर्ज सिडकोकडे करू की महापालिकेकडे, आणि त्यात नेमकं काय मागू: हस्तांतराची नोंद की मंजूर आराखडा?