पश्चिमेची खोली, वर उघडा स्लॅब: एसीशिवाय काय करता येईल?

घणसोलीकर: रो-हाऊसची वरची खोली १२×१० फूट. वर थेट ५ इंची स्लॅब, पश्चिमेला ५×४ फुटांची दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी, त्यावर २ फुटांचा छज्जा. रात्री अकरापर्यंत छत गरम असतं. थर्माकोलचं फॉल्स सीलिंग करावं की गच्चीला पांढरा रंग? भिंत जाड केली तर?

उनसावली: आधी खिडकी. मे महिन्यात संध्याकाळी ५ वाजता सूर्य साधारण २८ अंशांवर, जवळजवळ समोर असतो. २ फुटी छज्जाची सावली जेमतेम १ फूट उतरते, खालच्या ३ फुटांवर थेट ऊन. बाहेरून बांबूची चिक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा) लावा, काचेपासून अर्धा फूट सोडून, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. आतला पडदा नको, तो तापला की उष्णता खोलीतच राहते. पावसाआधी चिक उतरवा, नाहीतर बुरशी धरते.

भिंत जाड करू नका. तो उपाय रात्री गार पडणाऱ्या कोरड्या मुलखाचा. इथे नवी मुंबईत मे महिन्यात पहाटेही पारा २७ च्या आसपास असतो, भिंत निवतच नाही. कूलरही दमट हवेत कुचकामी.

कोबा_ठाणे: थर्माकोल आतून लावलात तर स्लॅब वरून तापतच राहणार; प्रसरण-आकुंचनाने भेगा, मग गळती. शिवाय तो पेट घेतो. काम वरूनच करा. गच्चीवरचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) ठोकून बघा, पोकळ वाजेल तिथे फोडून दुरुस्त करा. मग वॉटरप्रूफिंग, आणि ४८ तास पाणी साठवून तपासणी. ही पायरी गाळलीत तर पुढचं सगळं पुन्हा उखडावं लागेल. त्यावर ५० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक कडक फोम) शीट, जाळी घालून ५० मिमी काँक्रीट, वर पांढरा चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी), उतार १०० ला १. छताचं यू-मूल्य (छतातून उष्णता किती शिरते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) ०.५ च्या आसपास येतं. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्राच्या इको निवास संहितेची (२०१८) मर्यादा १.२ आहे. पण नुसत्या काँक्रीटचंच वजन चौरस मीटरला १२० किलो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी स्लॅब दाखवा. तेवढं झेपणार नसेल तर रिफ्लेक्टिव्ह पांढऱ्या रंगाचे दोन हात. पावसाळ्यात त्यावर शेवाळ येतं, ते ऑक्टोबरात घासून काढलं नाही तर रंग असून नसल्यासारखा.

घणसोलीकर: आणि वारा? दार लावलं की हवा अडते.

उनसावली: स्लायडिंग अर्धीच उघडते, म्हणजे तुमच्या २० चौरस फुटांतले १०. दमट हवामानासाठी संहिता चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के उघडता येणारा भाग मागते. त्या हिशोबाने या खोलीला २० हवेत. बिजागरीची खिडकी सुमारे ९० टक्के उघडते. दारावर जाळीचा झरोका ठेवा आणि जिन्याच्या टॉवरला पूर्वेकडे लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची झडप). दुपारचा वारा पश्चिमेचा, पाऊस नैर्ऋत्येचा. त्यामुळे पूर्वेकडून हवा बाहेर ओढली जाते आणि झड आत येत नाही. ऊन उतरलं की चिक गुंडाळून ठेवा, ती वाराही अडवते.